सिरसाळ्याच्या वाटेवर तेरा महिने

सप्टेंबरच्या मध्यावर परळी सोडून बीडच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू होते. पाऊस बरा झाला असेल तर कपाशी कमरेला आलेली असते आणि सोयाबीनची पाने पिवळी पडू लागलेली असतात. पाठीमागे वैजनाथाचे देऊळ राहते, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले. त्यांच्या काळातही हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. पुढे वीस-पंचवीस किलोमीटरवर सिरसाळा येते. इथे बस थांबते, माणसे उतरतात-चढतात, खताची पोती आणि बाजाराच्या पिशव्या चढतात, आणि गाडी दिंद्रुड, तेलगावमार्गे बीडकडे निघते.

17 सप्टेंबरला हा प्रवास करणाऱ्याला एक गोष्ट दिसते. शाळांमधून, ग्रामपंचायतींवर, तहसिलीत झेंडावंदन असते. 15 ऑगस्टला महिना उलटतो न उलटतो तोच तिरंगा पुन्हा चढतो. पुण्या-मुंबईचा पाहुणा विचारतो, आज काय आहे? मराठवाड्यातल्या शाळकरी पोराला हा प्रश्न पडत नाही. आज मुक्तिसंग्राम दिन.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा सिरसाळा स्वतंत्र झाले नाही. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद आणि औरंगाबाद हे मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. संस्थानची लोकसंख्या 1941 च्या शिरगणतीत एक कोटी साठ लाखांच्या पुढे होती आणि तिच्यावर 1911 पासून निजाम मीर उस्मान अली खान यांची सत्ता होती. आसफजाही घराण्याचे राज्य तर 1724 पासूनचे. भारतातही नाही, पाकिस्तानातही नाही, आपण स्वतंत्र राहणार, असे निजामाने ठरवले. त्यानंतरचे तेरा महिने या रस्त्यावरच्या गावांनी जे सोसले, त्याला मराठवाड्यातली म्हातारी माणसे आजही एका शब्दात ओळखतात: रझाकारी.

ही राजवट एवढी टिकली कशी? रणांगणावर तर ती याच भागात हरली होती. बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला 1763 मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. 1795 मध्ये शेजारच्या खर्ड्यालाही तेच झाले. 1818 मध्ये बीड भागातच धर्माजी प्रतापरावांनी निजामाविरुद्ध बंड केले आणि ते मोडले गेले. राज्य टिकले ते इंग्रजांच्या पाठबळावर. सिरसाळ्याहून परळीला परत येऊन घाट चढला की अंबाजोगाई लागते. निजामाच्या काळात त्या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची तिथे छावणी होती. खर्च निजामाचा, अधिकारी इंग्रज. परळीला तेव्हा स्वतःचा तालुका नव्हता, ती या मोमिनाबादच्या तालुक्यात होती.

छावणीच्या त्याच गावात राजवटीला सुरुंग लावण्याची तयारी झाली, आणि ती शाळेत झाली. 1935 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मोमिनाबादला आले. मूळचे व्यंकटेश खेडगीकर, 1903 चा जन्म, 1932 मध्ये संन्यास घेतलेले. त्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी शिकवले होते. बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी योगेश्वरीची शाळा उभी केली. त्या काळी संस्थानात शाळा चालवणे हे केवळ शिकवण्याचे काम नव्हते. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठीतून पुढे शिकायचे तर खासगी शाळा काढावी लागे, आणि सभा भरवायची तर ‘गश्ती निशाण 53’ नावाच्या फतव्याखाली सरकारची परवानगी लागे. म्हणूनच ग्रंथालये, व्यायामशाळा आणि गणेशोत्सव हीच राजकारणाची जागा झाली.

1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी सत्याग्रह झाला, आणि वंदे मातरम म्हटल्याबद्दल औरंगाबाद व हैदराबादचे विद्यार्थी वसतिगृहांतून, कॉलेजांतून काढले गेले. दहा वर्षांनंतर जी माणसे सरहद्दीवर बंदुका घेऊन उभी राहिली, त्यांच्यातली बरीच या विद्यार्थ्यांतूनच आलेली होती.

15 ऑगस्ट 1947 ला स्वामीजींना अटक झाली. मग नेतृत्व स्टेट काँग्रेसच्या कृती समितीकडे गेले. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आणि इतर नेते संस्थानाबाहेरून सूत्रे हलवू लागले. बार्शीपासून उमरखेडपर्यंत, भारताच्या हद्दीत, सरहद्दीलगत कॅम्प उभे राहिले. दिवसा कवायत, रात्री संस्थानात शिरून करोडगिरी नाके जाळायचे, तारा तोडायच्या, पोलीस ठाण्यांवर हल्ले करायचे. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. नाका जाळला की राज्याचा पैसा थांबे आणि गावकऱ्यालाही दिसे की या राज्याला हात लावता येतो. सरकारला सक्तीच्या लेव्हीचे धान्य देऊ नका, असा प्रचार गावोगाव झाला. 30 जानेवारी 1948 ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची स्टेट बँक लुटून लढ्यासाठी वीस लाखांहून अधिक रुपये उभे केले गेले.

दुसऱ्या बाजूला कासीम रझवी होता. लातूरचा वकील, इत्तेहादुल मुसलमीनचा पुढारी, रझाकार या सशस्त्र दलाचा प्रमुख. त्याच्या दलाने गावे लुटली, माणसे मारली, आणि हजारो कुटुंबे सरहद्दीपलीकडे निर्वासित झाली. निजामाची जुनी सत्ता या दलापुढे कमजोर पडत गेली. विरोध करणारा मुसलमान असला तरी त्याची गय नव्हती. ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबउल्ला खान संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहीत होता. 22 ऑगस्ट 1948 च्या मध्यरात्री हैदराबादेत त्याचा खून झाला. मराठवाड्यातल्या प्रत्येक झेंडावंदनात त्याचे नाव आदराने घेतले जायला हवे.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य शिरले. मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गमार्गे निघाली. दुसरीकडून आलेल्या सैन्याने जालना घेतले, मग लातूर आणि मोमिनाबाद. मोमिनाबादला निजामाचे गोवळकोंडा लान्सर्स होते. त्यांनी नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रे खाली ठेवली. 17 तारखेला निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याचा सेनापती अल इद्रूस जनरल जयंतनाथ चौधरींना शरण आला. हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार केलेली होती. हा देशांतर्गत प्रश्न आहे असे दाखवण्यासाठी भारताने या मोहिमेला पोलीस कारवाई म्हटले. लोकांच्या तोंडी ‘पुलिस ॲक्शन’ राहिले, आणि किती तरी घरांत जुन्या माणसाचे वय अजून त्यावरूनच मोजले जाते.

दोनशे चोवीस वर्षांचे राज्य पाच दिवसांत गेले, हे वाक्य भाषणांत हमखास येते. ते अपुरे आहे. डिसेंबर 2024 मध्ये सीरियात असद घराण्याची पन्नासहून अधिक वर्षांची सत्ता बंडखोरांच्या बारा दिवसांच्या चढाईत कोसळली, तेव्हाही जगाने त्या बारा दिवसांकडेच पाहिले. त्यामागे 2011 पासूनचे यादवी युद्ध होते. इथेही पाच दिवसांमागे तेरा महिने होते, आणि तेरा महिन्यांमागे अंबाजोगाईच्या शाळेपासूनची तेरा वर्षे. रणगाडे आले तेव्हा खेड्यापाड्यांतली राजवट आतून पोखरलेली होती. ते श्रेय नाका जाळणाऱ्याचे, निरोप पोचवणाऱ्या बाईचे, भाकरी बांधून देणाऱ्या घराचे आहे.

पण याच रस्त्यावर एक गोष्ट आणखी घडली आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. रझाकार हरल्यावर सूड सुरू झाला, आणि तो बहुतांशी अशा मुसलमानांवर उगवला गेला ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांच्या अहवालाने संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक माणसे मारली गेली. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक यांत किमान पाच हजार, असे त्यात म्हटले आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. बीड जिल्ह्याचे नाव त्यात आहे, म्हणून बीडच्या माणसाने तो वाचायला हवा. रझाकारांनी मारलेल्यांची आणि सुडात मेलेल्यांची आठवण एकाच गावात राहू शकते, राहायला हवी.

राजा मात्र लगेच गेला नाही. 1950 ते 1956 निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. खालच्या पातळीवरचा बदल अधिक मोठा ठरला: 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या, 1950 मध्ये कूळकायदा आला. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. तरी निजामाचे राज्य कागदावर अजून जिवंत आहे. 2023 पासून मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी कुणबी नोंदी शोधणारे लोक तहसिलींच्या दप्तरखान्यांत मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांना शोधत फिरले. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती त्यासाठीच नेमली गेली. 2 सप्टेंबर 2025 ला सरकारने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा निर्णय काढला. आज ज्या कागदावर पोराचे ॲडमिशन ठरते, तो कागद निजामाच्या अंमलदाराने लिहिलेला असू शकतो.

कागद कोणीतरी जपून ठेवले. माणसांच्या आठवणी मात्र कोणी तशा जपल्या नाहीत. 1948 मध्ये जो बारा वर्षांचा होता तो आता नव्वदीला टेकला आहे. सिरसाळा, दिंद्रुड, तेलगाव, धारूर या पट्ट्यातल्या शाळांनी पुढच्या 17 सप्टेंबरची वाट पाहू नये. मुलांना वही आणि मोबाइल देऊन गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसांकडे पाठवावे, सगळ्या वस्त्यांत आणि सगळ्या धर्मांच्या घरांत. निजामाचा हाली शिक्का कसा दिसे, लेव्हीला किती धान्य गेले, रात्री कोण कुठे लपले, पुलिस ॲक्शननंतर शेजारी परत आला की नाही, हे त्यांनी विचारावे आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून ठेवावे. हे काम या दिवाळीच्या सुटीत सुरू व्हावे.