बिऱ्हाड, घर आणि प्राप्तिकर

प्राप्तिकराचा कायदा हा साहित्याच्या अभ्यासकाने वाचावयाचा ग्रंथ नव्हे, अशी एक सर्वमान्य समजूत आहे. आमचाही त्याच्याशी संबंध पगारपत्रकातील कपातीच्या रकान्यापुरताच होता. परंतु २०२४ च्या उन्हाळ्यात घरातल्याच एका प्रश्नामुळे तो बारकाईने वाचावा लागला, आणि 'घर' या शब्दाचा इतका काटेकोर विचार आम्हांस मराठी कादंबरीतही क्वचितच आढळला आहे.

आपल्या भाषेत घर, वाडा, मुक्काम, वास्तव्य, बिऱ्हाड हे सारे शब्द राहण्याचेच. पण त्यांच्या छटा वेगळ्या. बिऱ्हाड हलते. विंचवाच्या पाठीवर बसते. घर हलत नाही. माणूस हलला तरी ते मागे राहते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील घरभाडे भत्त्याची सवलत ही वस्तुतः बिऱ्हाडाची सवलत होय. मिळालेला भत्ता; प्रत्यक्ष दिलेले भाडे वेतनाच्या दहा टक्क्यांहून जितके अधिक असेल ती रक्कम; आणि वेतनाचे चाळीस टक्के, मुंबई-दिल्ली-कोलकाता-चेन्नई येथे पन्नास; या तिहींत जी सर्वांत कमी तेवढी करमुक्त. स्वतःच्या घरात राहणाऱ्यास हे कलम काहीच देत नाही. नव्या करप्रणालीत तर ही सवलतच नाही.

आमचे घर मंद्रूपला. सोलापुरातून विजयपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सीना ओलांडल्यावर आणि भीमा येण्यापूर्वी. येथे घराला कुणी 'घर' म्हणते, कुणी कानडीत 'मने'. आमच्या गल्लीत एकाच वाक्यात दोन्ही ऐकू येतात. पुतण्या पुण्यातील एका कंपनीत होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी अमेरिकेत पाठवले. राहत्या जागेचे भाडे कंपनी भरणार होती. त्याची पत्नी व मुलगी शाळेचे वर्ष पुरे होईपर्यंत मंद्रूपला वहिनींजवळ राहिल्या.

कंपनीने भरलेले भाडे फुकटचे नसते, हे त्याला तिकडे पोहोचल्यावर कळले. अमेरिकेत एक वर्षाहून कमी मुदतीच्या कामगिरीवर आलेल्याच्या निवासखर्चाकडे प्रवासखर्च म्हणून पाहता येते. कामगिरी मुळातच त्याहून लांब ठरलेली असेल, तर ते भाडे वेतनात मिळवले जाते. म्हणजे जे पैसे हातात कधी आलेच नाहीत, त्यांवर कर. आखाती देशांत गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हा प्रश्न घेऊन आला नाही, कारण दुबईत पगारावर प्राप्तिकरच नाही.

गुंता पुढे आहे. आपले करवर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचे जानेवारी ते डिसेंबर. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षी १८२ दिवस वा अधिक भारतात राहिला असेल, तर तो भारताचा निवासी. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत पुतण्या येथेच होता. म्हणून मार्च २०२४ पर्यंत तो भारताचा निवासी, आणि त्याचे जगभरचे उत्पन्न, त्या अमेरिकन भाड्यासकट, भारतात मोजले जाणार. दुसरीकडे, १ जानेवारी २०२४ पासून तो अमेरिकेच्या हिशेबानेही तेथला निवासी. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे तीन महिने तो दोन्ही देशांचा होता.

अशा माणसासाठी भारत-अमेरिका यांच्यात १९८९ साली झालेला करार आहे. त्याच्या चौथ्या कलमात प्रश्नांची एक पायरीपायरीने उतरणारी रांग आहे. याचे कायमचे घर कोठे उपलब्ध आहे? दोन्हीकडे असेल, तर याचे वैयक्तिक व आर्थिक संबंध कोठे अधिक निकटचे आहेत. जिव्हाळ्याच्या हितसंबंधांचे केंद्र कोणते? तेही ठरत नसेल, तर हा नेहमी राहतो कोठे? आणि तरीही निर्णय होत नसेल, तर हा नागरिक कोणाचा? नागरिकत्वाचा क्रम इतका खाली आणि घराचा पहिला, ही गोष्ट आम्हांस थक्क करून गेली. करार करणारे वकील व मुत्सद्दी होते. पण क्रम कवीने लावावा असा लागला आहे.

कर-सल्लागाराने सांगितले की अमेरिका असे उत्तर दिल्यास त्या तीन महिन्यांच्या तिकडच्या पगारावर भारतात कर भरावा लागणार नाही. भारत असे दिल्यास येथे सारे मोजून, तिकडे भरलेल्या कराची वजावट घेऊन, वरचा फरक भरावा लागेल. पुतण्याने विचारले, "काका, मंद्रूपची माझी खोली माझ्यासाठी उपलब्ध आहे, असं म्हणता येईल का?" वहिनींनी ती खोली कुणाला दिली नव्हती, धान्याची पोतीसुद्धा तिथे ठेवू दिली नव्हती. पत्नी आणि मुलगी तेव्हा त्याच घरात होत्या. त्याने भारत लिहिले आणि फरक भरला.

वहिनींना आम्ही हे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "दरवर्षी लिहायचं असतं का हे?" नसते. पुढल्या वर्षी तो भारतात १८२ दिवस नव्हता. त्यामुळे अनिवासी ठरला, आणि घराविषयीचा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नाही. खोली होती तशीच आहे.

कायद्याची माया सर्वांवर सारखी नाही, हेही येथे नोंदवावे. भारत सरकार जेव्हा आपल्या नागरिकास सेवेसाठी परदेशी पाठवते, तेव्हा त्याचे वेतन भारतात करपात्र राहते, पण तिथे दिलेले भत्ते व सुविधा करमुक्त ठरतात. खासगी कंपनीच्या अभियंत्यास तसे काही नाही. अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगात कोठेही असले तरी कर लावते; मात्र सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशांत काढणाऱ्यास ठरावीक मर्यादेत घरखर्चाची सूट देते. हिंदुस्थानात हा कर १८६० मध्ये आणणारा जेम्स विल्सन स्वतः परदेशी नोकरीवर आलेला स्कॉटिश गृहस्थ होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो कलकत्त्यात वारला. त्याचे बिऱ्हाड परत गेले नाही.

दूर कशाला जावे? २०१९ च्या एका शासन निर्णयानुसार जिल्हा परिषदेच्या शिक्षकास घरभाडे भत्ता हवा असेल, तर तो मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव लागतो. म्हणजे गुरुजी आपल्या गावात राहतात की नाही, हे पारावरची माणसे हात वर करून ठरवणार. या अटीवर शिक्षक संघटनांचा रोष आहे, तो समजण्याजोगाही आहे. मात्र त्या ठरावात आणि वॉशिंग्टन-दिल्लीच्या करारात प्रश्न एकच आहे: हा माणूस कोठला?

२०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. कलमांचे आकडे बदलले. दिवस मोजण्याची रीत राहिली. दिवस मोजता येतात म्हणून कायदा दिवस मोजतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण ज्या थोड्या जागी त्याला दिवस पुरत नाहीत, तेथे तो निमूटपणे घर, जिव्हाळा आणि सवय यांकडे वळतो. वर्गात 'घर' या विषयावर बोलताना आम्ही आता ते चौथे कलमही फळ्यावर लिहितो.