वस्तीच्या वळणावर आलेली बस

मी उत्तर नागपुरातील एका वस्तीत राहते. सिव्हिल लाइन्समधल्या तीन घरी पोळ्या करते. मुलीचे बाबा रंगकाम करतात. काम मिळाले तर ठीक, नाही मिळाले तर उसनवारी. आम्हाला दोन मुले. थोरली मुलगी नर्सिंगला लागली तेव्हा साऱ्या गल्लीने पेढे खाल्ले. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच.

पण नुसती फी भरून शिक्षण होत नाही, हे मला तिच्या दुसऱ्या वर्षी कळले. तिची ड्युटी रात्री आठला सुटायची. मोठी शहर बस हमरस्त्यावरच थांबायची. तिथून आमचे घर दोन किलोमीटर. मधला रस्ता अरुंद, एका बाजूला नाला, निम्मे दिवे बंद. ऑटोवाला रात्री एकट्या सवारीचे चाळीस-पन्नास रुपये मागायचा. ते रोज कुठून आणायचे? म्हणून पोरगी चालत यायची आणि ती दिसेपर्यंत मी दारात उभी राहायची.

एका रात्री ती रडतच आली. मोटारसायकलवरची दोन पोरे नाल्यापर्यंत तिच्या मागे मागे आली होती. म्हणाली, "आई, मी नाही जात आता कॉलेजले." तिचे बाबा दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "झालं तेवढं शिक्षण पुरे. एखादं चांगलं स्थळ पाहू." मी म्हटले, "रस्ता खराब, म्हणून पोरीनं घरी बसायचं काय?" दुसऱ्या दिवसापासून मीच तिला आणायला चौकात जाऊ लागले. दिवसभर उभ्याने पोळ्या लाटून पाय सुजलेले असायचे. पण एक दिवस खाडा केला नाही.

२०२२ सालच्या दिवाळीनंतर आमच्या वस्तीच्या वळणावर छोटी विजेची बस येऊ लागली. पहिल्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या आजी आत बसून विचारत होत्या, "काहून बाबू, गाडी चालू नाही करत काय?" गाडी तर केव्हाच सुटली होती! इंजिनाची घरघर नाही, गिअरचा धक्का नाही, धूरही नाही.

ही गाडी आमच्यापर्यंत का येऊ शकली? कारण ती लांबीने लहान आहे. मोठी बस बारा मीटरची, ही नऊ मीटरची. भाजीबाजाराजवळच्या वळणावर मोठी बस वळत नाही, ही वळते. पुण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये विजेच्या बस सुरू झाल्या, त्या पहिल्या गाड्याही नऊ मीटरच्याच होत्या.

रोजच्या जाण्यायेण्यात ड्रायव्हरदादांची ओळख झाली. एकदा त्यांनी नीट समजावून सांगितले. रात्री डेपोत गाडी चार्ज होते. एका चार्जवर दीडशे किलोमीटरच्या आसपास चालते. ब्रेक लावला की मोटर उलटे काम करते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. म्हणून जागोजागी थांबणाऱ्या शहर बसला वीज सोयीची. उन्हाळ्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसवर गेला की एसीच बरीच वीज खातो आणि तेवढे अंतर कमी होते. गाडीची किंमत डिझेलच्या गाडीपेक्षा बरीच जास्त, त्यात बॅटरी सगळ्यात महाग. रोज चालवण्याचा खर्च मात्र कमी. म्हणजे अशी गाडी उभी ठेवण्यात तोटा आहे, ती दिवसभर फिरली पाहिजे.

आमच्यासारख्या मध्यम शहरांत सकाळ-संध्याकाळ गर्दी आणि दुपारी मोठ्या गाड्या रिकाम्या. मग फेऱ्या कमी करतात आणि माणूस तासभर ताटकळतो. छोटी गाडी थोड्या माणसांतही काढता येते. अर्थात छोट्या गाडीलाही ड्रायव्हर एक लागतोच, त्यामुळे दर माणशी खर्च वाढतो. मुख्य रस्त्याच्या गर्दीला मोठी बस आणि वस्तीतून तिच्यापर्यंत आणायला छोटी, अशी जोडी जमली पाहिजे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. विजेचे नियोजनही त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक झाल्याशिवाय देशात उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती वीज आता माझ्या लेकीला घरी आणून सोडते, हे मनात आले की बरे वाटते. पण वीज कुठून येते, तेही विसरू नये. आमच्या उत्तरेलाच कोराडीचे औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे कोळसाच जळतो. आमच्या नाकातला धूर गेला, पण तिकडच्या गावांची राख अजून आहेच.

एकदा ही बस सलग आठ दिवस आली नाही. वस्तीतल्या बाया ड्रायव्हरलाच शिव्या देऊ लागल्या. मीही दिल्या. मग बाजारात तेच दादा भेटले, हातात रिकामी पिशवी. म्हणाले, "ताई, दोन महिने झाले, ठेकेदारानं पगार दिला नाही. पोराची फी राहिली आहे." मला माझीच लाज वाटली. गाडीची बॅटरी रोज रात्री भरली जाते, पण ती चालवणाऱ्याच्या घरचा डबा रिकामा. अशी बस किती दिवस चालेल?

त्या रविवारी महिला मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितले. लेकीने निवेदन लिहून दिले. आम्ही तीनच गोष्टी मागितल्या. ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार वेळेवर द्या, रात्री नऊपर्यंत बस ठेवा, थांब्यावर दिवा लावा. बासष्ट सह्या झाल्या. अंगठे नव्हते, सगळ्या सह्याच होत्या. तीन वेळा खेटे घातले. बस परत सुरू झाली, नऊची फेरीही मिळाली. दिव्यासाठी अजून मागे लागलो आहोत.

भगिनींनो, केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये शहरांसाठी दहा हजार विजेच्या बसची योजना मंजूर केली. ती तीन लाख ते चाळीस लाख वस्तीच्या शहरांसाठी आहे. तिच्यात बारा, नऊ आणि सात मीटरच्याही गाड्या आहेत. तुमच्या शहरात गाड्या आल्या की हार घालून, फोटो काढून घरी परतू नका. आपल्या वस्तीत थांबा कुठे? शेवटची फेरी किती वाजता? चालवणाऱ्याला पगार मिळतो का? हे विचारा, आणि लेखी विचारा.

२०२४ मध्ये माझी लेक नर्सिंग पास झाली. आता नोकरी करते. दुपारपाळी असली की शेवटच्या बसने येते. तिचे बाबा हल्ली आधीच थांब्यावर जाऊन बसतात. पोरीची काळजी म्हणून नव्हे हो, ड्रायव्हरदादांना पाण्याची बाटली द्यायला, असे ते म्हणतात.