असाकुसाचे कोळी बंधू

टोकियोला जाणारा बौद्ध माणूस असाकुसा भागातील सेन्सोजी विहार पाहिल्याशिवाय परतत नाही. आम्हीही गेलो. दुकानांची रांग, उदबत्त्यांचा धूर आणि माणसांचा नुसता पूर! परंतु विहाराच्या उजव्या अंगाला, काही पावलांवरच, एक कमान लागते. जपानी लोक तिला तोरी म्हणतात. आत शिंतो धर्माचे असाकुसा देवस्थान आहे. तेथे आम्हाला ना गर्दी दिसली, ना गलका. लोक पाण्याने हात-तोंड धुऊन येतात, दोनदा वाकतात, दोनदा टाळी वाजवतात, पुन्हा एकदा वाकतात आणि मुकाट्याने निघून जातात.

येथे मान कोणाला आहे? इ.स. ६२८ साली सुमिदा नदीत हामानारी आणि ताकेनारी या दोघा कोळी भावांच्या जाळ्यात एक मूर्ती आली, अशी कथा सांगतात. ती अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची आहे, हे गावचे प्रमुख नाकातोमो यांनी ओळखले आणि आपल्या राहत्या घराचेच विहार केले. पुढे लोकांनी या तिघांनाच पूज्य मानले. देवस्थानाच्या चिन्हात आजही तीन जाळी आहेत! बोधिसत्त्वाचे विहार, आणि शेजारीच त्याला पाण्यातून वर काढणाऱ्या हातांचा सन्मान.

आजची इमारत १६४९ सालची, शोगुन इएमित्सु याने बांधून दिलेली. १८६८ साली सरकारने बौद्ध आणि शिंतो स्थाने वेगळी करण्याचा हुकूम काढला. कागदोपत्री फारकत झाली, शेजार मात्र तुटला नाही. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात विहाराची मुख्य वास्तू जळाली, ही वाचली.

हे सारे पाहून मन भरून येते. तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. शोगुनांच्या राजवटीत याच असाकुसात चामड्याचे काम करणाऱ्यांची वेगळी वस्ती होती. त्यांना अपवित्र समजत. १८७१ साली सरकारी हुकमाने तो कलंक पुसला, पण भेदभाव उरलाच. म्हणून १९२२ साली या समाजाने क्योतो येथे सुइहेइशा ही आपली संघटना उभी केली. जाळे टाकणारा पूज्य ठरला आणि कातडे कमावणारा दूर राहिला. हे दुःख आपल्या ओळखीचे आहे.

वाचकहो, कोळी बंधूंची ही कथा मुलाबाळांना जरूर सांगा. पण सांगताना त्या कातडे कमावणाऱ्यांचीही गोष्ट सांगा. श्रमाचा मान सर्वांना सारखा मिळाला पाहिजे.