हलकं

माझी साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ८.२ निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, घरी मशीन आणा, जेवणाआधी आणि नंतर शुगर बघा. उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८०च्या आत. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. मी पहिला आठवडा ताट उचलल्यापासून मोजत होते.

बोट टोकाला नाही, कडेला टोचायचं, हेही उशिराच कळलं. एकदा नातवंडांसाठी आंबे चिरून तशीच बसले, तर २६१! छाती धडधडायला लागली. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचलं, १५८. बोटाला लागलेला रसच मशीन मोजत होतं.

सगळ्यात गोंधळले ते सकाळच्या आकड्याने. रात्री झोपताना ११८, पहाटे उठून बघते तर १४६. मधे पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. मग वाढली कुठून? डॉक्टर म्हणाले, पहाटे यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, म्हणून असं होतं. ऐकून मला रडूच आलं. तोपर्यंत मी स्वतःलाच दोष देत होते, जेवणात काय चुकलं म्हणून.

आणि मग आषाढी आली.

आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी. उपासाचं म्हणजे हलकं, हे लहानपणापासून ऐकलेलं. भाकरीच्या दिवशी १६०च्या आसपास यायची, तर आज त्याहून कमीच असणार, असं धरून चालले होते. खिचडी पोटभर खाल्ली. दोन तासांनी २४३. हात धुऊन पुन्हा पाहिलं, २३८. एवढा फरक मशीनचा असतोच, पण काय झालंय ते स्पष्ट होतं. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च. चोथा जवळजवळ नाही, प्रथिनं नावापुरती. पोटाला हलका, म्हणूनच त्याची साखर भराभर रक्तात उतरते. पन्नास वर्षं वापरलेला 'हलकं' हा शब्द माझ्या हातून त्या दिवशी निसटला.

आईला सांगितलं तर ती गप्प झाली. एकादशी तिची ऐंशी वर्षांची. उपास सोडते असं मला म्हणवेना, आणि खिचडी खा असं तिला.

पुढच्या एकादशीला तिनेच पान वाढलं. आधी वाडगाभर काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट घातलेली, मग दही, आणि शेवटी खिचडी, पण लहान वाटीभर. जेवून आम्ही दोघी गच्चीत पंधरा मिनिटं फिरलो. गुडघे दुखत असूनही ती आली.

दुपारी माझा डोळा लागला होता. आईने खांदा हलवला, "ऊठ गं, दोन तास झाले."

मशीन तिच्याच हातात होतं. १७४.

तिने चष्मा लावून वहीत तो आकडा स्वतः लिहिला, आणि पुढे लिहिलं, 'खिचडी, लहान वाटी'.