कर्करोग आणि ‘माझे काय चुकले?’ हा प्रश्न

कर्करोगाचे निदान झालेल्या घरात पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न हमखास डोके वर काढतो. कधी रुग्ण तो स्वतःला विचारतो, कधी भेटीस आलेले आप्त आडून आडून विचारतात. ‘असे कसे झाले?’ खाण्यात काही आले का, मनात काही साठवून ठेवले होते का, मागच्या जन्मीचे काही असेल का? मोतीबिंदू झालेल्या माणसाला असे कोणी विचारीत नाही. कर्करोगालाच तेवढी अपराधाची छाया चिकटली आहे.

आमच्या ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, हा प्रश्न वयाच्या ६८ व्या वर्षी विचारला. तंबाखू सोडाच, सुपारीचे खांडही तिने कधी तोंडात टाकले नव्हते. मोजके जेवावे, वेळेवर निजावे, कोणाचे वाईट चिंतू नये, असे तिचे साधे जगणे. स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले तेव्हा गाठ हाताला लागून पाच महिने उलटले होते. नातीचे लग्न पार पडू दे आणि लोक काय म्हणतील, या दोन कारणांनी तिने ती कोणालाही सांगितली नव्हती. पुढे तीन वर्षे मी तिची शुश्रूषा केली. त्या काळात वाटेल ते पथ्य ती हसत पाळी. पण ‘माझे काय चुकले?’ हा प्रश्न तिने अखेरपर्यंत सोडला नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता मी जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

चिंपांझी हा आपला अगदी जवळचा जिवंत नातलग. त्याच्या आणि आपल्या डीएनएची अक्षरे जुळवून पाहिली, तर ९८ ते ९९ टक्के सारखी निघतात. तरीही स्तन, प्रोस्टेट, मोठे आतडे, फुप्फुस या अवयवांचे जे कर्करोग आपल्याकडे घरोघरी ऐकू येतात, ते माणसाच्या देखरेखीखाली वाढलेल्या चिंपांझींमध्ये क्वचितच आढळले आहेत. माणसांत मात्र जगभरचा हिशेब धरला, तर पाचांतील एकाला आयुष्यात कधी ना कधी हा रोग गाठतो. इतक्या जवळच्या दोन प्राण्यांत एवढे अंतर का पडावे?

पहिले कारण आपल्या वाढलेल्या आयुष्यात आहे. रानातला चिंपांझी पन्नाशी क्वचितच पाहतो. शरीरातील पेशी आयुष्यभर विभागत राहतात आणि दर वेळी डीएनएची नक्कल करताना एखादी चूक होऊ शकते. बहुतेक चुका दुरुस्त होतात, काही उरतात आणि वर्षांगणिक साठत जातात. साठीनंतर कर्करोगाचे प्रमाण वाढते ते मुख्यतः या साठ्यामुळे. म्हणजे ज्या दीर्घायुष्याचा आपण आशीर्वाद मागतो, त्याचीच ही एक बाजू आहे.

दुसरे कारण स्त्रियांच्या बाबतीत विशेष लागू पडते. चिंपांझीची मादी एका पिलाला चार-पाच वर्षे अंगावर पाजते. त्या काळात बहुतांशी तिची पाळी थांबलेली असते. आजच्या स्त्रीच्या वाट्याला आयुष्यात सुमारे चारशे पाळ्या येतात आणि प्रत्येक चक्रात स्तनाच्या पेशींना वाढीचा संदेश मिळतो. जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक दिसतो, हे बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदले होते. यात कोणाचा दोष नाही. मुले कमी होणे, ती उशिरा होणे किंवा न होणे ही आयुष्याची घडण आहे. तिचा जाब रुग्णाला विचारायचा नसतो.

तिसरे कारण अलीकडे उजेडात आले आणि मला ते सर्वांत विलक्षण वाटले. बिघडलेली पेशी आढळली, की आपल्या प्रतिकारक पेशी तिला मरण्यास भाग पाडतात. त्यांच्या हातातील एक शस्त्र म्हणजे फास लिगँड नावाचे प्रथिन. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. या माळेत १५३ व्या जागी चिंपांझीत प्रोलिन नावाचा मणी असतो, माणसात सेरिन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिले, की एवढ्या एका मण्याच्या फरकामुळे माणसातील हे प्रथिन प्लाझ्मिन नावाच्या विकराकडून तोडले जाऊ शकते. प्लाझ्मिनचे नेहमीचे काम रक्ताच्या गुठळ्या विरघळवण्याचे. पण स्तन, बीजकोश, मोठे आतडे यांच्या काही आक्रमक गाठींभोवती ते फार वाढलेले असते. पहारेकरी गाठीपर्यंत पोहोचतो खरा, पण तिथे त्याचे शस्त्र मोडून पडते. हा बदल मानवी मेंदूच्या वाढीशी जोडलेला असावा, अशीही अटकळ त्याच संशोधकांनी मांडली आहे. प्लाझ्मिनला अडवले, तर शस्त्राची धार परत येते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. मात्र हे आजचे औषध नव्हे. या बातमीच्या भरवशावर चालू उपचारांत कोणी खंड पाडू नये.

ताईच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. तिचे काहीच चुकले नव्हते. तिच्या वाट्याला दीर्घ आयुष्य आले होते, स्त्रीचे शरीर आले होते, आणि माणूस म्हणून लाखो वर्षांपूर्वीपासून चालत आलेला एक बदललेला मणीही आला होता. त्याला पाप म्हणता येत नाही, आणि कोणत्याही उपासाने तो पुसला जात नाही.

याचा अर्थ सारे दैवाधीन आहे, असा मात्र घेऊ नये. चिंपांझी विडी ओढत नाही, मशेरी लावत नाही, गुटख्याची पुडी फोडत नाही. आपल्या देशातील तोंडाच्या कर्करोगांचा मोठा वाटा तंबाखूकडे जातो. तंबाखू आणि दारू सोडण्यास कोणतेही वय उशिराचे नसते. पण ज्याला रोग झाला आहे, त्याच्या उशाशी बसून जुन्या सवयीचा हिशेब मांडण्यात काय हशील? सवय सोडायला मदत करावी, बोल लावू नये. बोल लागेल या भीतीनेच माणसे गाठ लपवतात, आणि लपवलेली गाठ वाढत राहते.

वेळेवर पाहिल्याने किती फरक पडतो, याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांनी दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका ठरावीक काळाने केवळ हातांनी करीत. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या तपासलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी दिसले. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नव्हते.

म्हणून घरातील ज्येष्ठांच्या बाबतीत काही खुणा ध्यानात ठेवा. स्तनात किंवा काखेत नवी गाठ, तोंडातील दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम अथवा पांढरा-लाल चट्टा, पाळी कायमची गेल्यानंतर झालेला रक्तस्राव, शौचातून वा लघवीतून रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, न बसणारा आवाजाचा घोगरेपणा, गिळताना अडथळा, कारण नसता घटणारे वजन. यांतील प्रत्येक खूण कर्करोगाचीच असते असे नाही, पण डॉक्टरांना दाखवण्यास ती पुरेशी आहे. संकोचाचा अवयव असेल, तर आई किंवा सासूबाई आपणहून सांगतील याची वाट पाहू नका; सुनेने, लेकीने एकांतात विचारावे.

आणि निदान झालेच, तर भेटीस जाताना ‘कशामुळे झाले?’ हे शब्द उंबऱ्याबाहेर ठेवा. त्याऐवजी ‘पुढची तपासणी कधी आहे, सोबत मी येऊ का?’ असे विचारा. रुग्णाला त्या दिवशी त्याच प्रश्नाची गरज असते.