मेरेचा साक्षीदार

जुन्या गावात शेताच्या मेरेवरून तंटा उपस्थित झाला, तर साक्षीदार शोधीत हिंडावे लागत नाही. बांधावरचा आंबा, देवळाकडे जाणारी पायवाट, एखादा वयोवृद्ध शेजारी, हे सारे साक्ष देण्यास सिद्ध असतात. परंतु जे गावच उठून दुसरीकडे वसले, त्याने साक्ष कोणाची काढावी?

आमच्या गोव्यातील सांगे तालुक्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. साळावली धरणासाठी कुर्डी गावाने आपली भूमी दिली. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव १९८०च्या दशकात जलाशयाखाली गेले. तेथील प्राचीन महादेव मंदिराचे दगड हलवून ते धरणानजीक पुन्हा उभारण्यात आले. माणसे वाडे व वालकिणी येथील वसाहतींत गेली. मंदिर उचलून नेता आले. मेरा मात्र कोणाला नेता आल्या नाहीत.

नव्या वसाहतीत सीमा आखतो तो मोजणीदार. पहिल्या पिढीस आपला तुकडा ठाऊक असतो. पुढे मूळ धारक निवर्ततो, भावाभावांत तोंडी वाटणी होते, हद्दीचा दगड मातीत गडप होतो आणि वारसांची नावे नोंदवायची राहून जातात. तंट्याचे बीज बहुधा येथेच पडते.

१९६८च्या जमीन महसूल संहितेने यासाठी रीत घालून दिली आहे. हक्कात बदल झाल्याची वर्दी आली की तिची नोंद होते, सूचना लावली जाते, संबंधितांस कळविले जाते. कोणी हरकत घेतल्यास महसूल अधिकारी चौकशी करून निर्णय देतो व त्यावर अपीलही करता येते. अशी नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. तथापि ती स्वतः मालकी निर्माण करीत नाही. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात सुटतो. पंचायतीची घरपट्टीची पावती तर केवळ कर भरल्याची खूण होय. हा भेद न उमगल्यामुळे कित्येक साधी माणसे नको त्या दारी खेटे घालीत बसतात.

आम्हांस वाटते, अशा वसाहतींत कचेरीचे कर्तव्य अधिक मोठे आहे. इतरत्र कागद चुकला तर गावाची स्मृती त्याला सावरते; येथे कागद हीच स्मृती आहे. म्हणून नकाशा आणि जमीन यांची गाठ शेतावर जाऊन घातली पाहिजे, आणि सूचना लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखविली पाहिजे. भिंतीवर मुकाट्याने लावलेली सूचना मुदत संपवते, तंटा संपवीत नाही.

विद्यार्थिमित्रहो, येथे तुमचाही वाटा आहे. आजोबांना मेर ठाऊक असते, पण कागद वाचता येत नाही. तुम्हांस कागद वाचता येतो, पण मेर ठाऊक नसते. तेव्हा येत्या सुटीत घरचा नमुना १ व १४ घेऊन त्यांच्यासह शेतावर जा. त्यावर नाव कोणाचे आहे, क्षेत्र किती आहे, ते त्यांना वाचून दाखवा; आणि दगड कोठे आहे, ते त्यांच्याकडून पाहून घ्या. आजोबा आहेत तोवरच हे साधणार आहे.