नळाला पाणी कोण आणणार?

आपल्या देशात देणाऱ्या हातांची कमतरता नाही. देवळाच्या पायरीपासून मोठ्या कंपनीच्या कचेरीपर्यंत कुठंही जा, देणारा भेटतोच. शाळेला बाकं मिळतात, दवाखान्याला खाटा मिळतात, बागेत झोपाळे येतात. फीत कापली जाते, फोटो निघतात, संगमरवरी फलक बसतो. पण पाच वर्षांनी त्या वस्तूचं काय झालं, हे बघायला किती जण जातात? आमच्या गल्लीतल्या बायकांना हा प्रश्न जरा लवकर पडला, आणि त्याचं उत्तर शोधताना आम्ही बरंच काही शिकलो.

मी बंगलोरच्या राजाजीनगरात राहते. लग्न होऊन आले, त्याला आता पस्तीसहून अधिक वर्षं झाली. राजगोपालाचारींच्या नावानं वसलेली ही वस्ती. रस्त्यांना नावांपेक्षा आकडेच जास्त, अमुक मेन, तमुक क्रॉस. भोवती कारखाने, म्हणून वस्तीत कामगार, फोरमन, कारकून यांची घरं. १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिकमुळे आपली मराठी माणसंही या भागात बरीच आली. आज त्या कारखान्याच्या जागेवर उंच इमारती आणि ओरायन मॉल उभा आहे. ह्यांची नोकरी मात्र इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात होती.

गल्लीत आमचं एक दुपारचं मंडळ आहे. कुणी कन्नड, कुणी तेलुगू, कुणी तमिळ, दोन-तीन घरं मराठी. आपलं हळदीकुंकू आणि त्यांचं अरिशिन-कुंकुम एकाच दिवशी उरकायचं, श्रावणात भजनं म्हणायची, कुणाच्या घरी अडचण आली तर धावून जायचं, एवढंच त्याचं स्वरूप. ना नोंदणी, ना अध्यक्ष.

या मंडळाला २०१५ साली एका मुलीनं कामाला लावलं. ती आमच्या शेजारच्या अक्कांकडे काम करणाऱ्या बाईची मुलगी, सातवीत शिकणारी. हुशार होती, पण महिन्यातले चार-पाच दिवस हमखास शाळा बुडवायची. अक्कांनी एकदा जवळ बसवून विचारलं, तेव्हा खालमानेनं म्हणाली, ‘‘शाळेत संडासाला दार नाही. मी सकाळपासून पाणीच पीत नाही.’’

दुपारी मंडळात हे ऐकलं आणि कुणाच्या घशाखाली चहा उतरेना. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी त्या सरकारी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका भल्या होत्या. त्यांनी आम्हाला मागच्या बाजूला नेऊन दाखवलं. दोन खोल्या, एकीचं दार निखळलेलं, दुसरीत तुटकी बाकं रचलेली. नळ होता, पण कोरडा. ‘‘मी चार अर्ज केलेत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही काही करू शकाल का?’’

गल्लीतून वर्गणी काढून एवढं मोठं काम होणार नव्हतं. तेव्हा आमच्यातल्या एका बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी कंपन्यांच्या सामाजिक निधीची माहिती काढली. वाचकांपैकी अनेकांना ती उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगते.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे, त्यांना हा नियम लागू होतो. शिक्षण, आरोग्य, स्वच्छता, पिण्याचं पाणी, पर्यावरण ही सगळी कामं त्यात बसतात. शिवाय कंपनीनं आपल्या परिसरातल्या कामांना प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. म्हणजे कारखान्याशेजारच्या वस्तीनं मागणी केली तर तिचं वजन थोडं अधिकच.

पण हा पैसा कुणाही चार बायकांच्या हातात पडत नाही, आणि पडूही नये. संस्था नोंदलेली हवी, तिच्यापाशी तीन वर्षांच्या कामाचा दाखला हवा, हिशेब तपासलेले हवेत. १ एप्रिल २०२१ पासून तर अशा संस्थेला सरकारकडे वेगळी नोंदणीही करावी लागते. आमच्यासारख्या मंडळानं अशा वेळी जवळपासच्या एखाद्या जुन्या, नेक विश्वस्त संस्थेचा हात धरावा. आम्ही तेच केलं. अर्ज त्या संस्थेचा, शाळेची संमती, शाळेच्या पालक समितीचा ठराव, आणि धावपळ आमची.

एका कंपनीनं होकार दिला. दोन तरुण अधिकारी शाळा बघायला आले. मुलींसाठी चार संडास, हात धुवायची जागा आणि वर पाण्याची टाकी, असा आराखडा झाला. सगळं मनासारखं चाललं होतं. तेवढ्यात आमच्या बँकवाल्या बाईंनी विचारलं, ‘‘रोज धुणार कोण? त्या बाईचा पगार कशातून?’’

अधिकारी एकमेकांकडे बघू लागले. मग त्यातला एक अदबीनं म्हणाला, ‘‘आमच्या कंपनीचं धोरण फक्त उभारणीचं आहे. देखभाल शाळेनं बघायची.’’ मुख्याध्यापिका म्हणाल्या, शाळेच्या अनुदानात खडू-डस्टरचा खर्च भागवतानाच ओढाताण होते. मोटर जळली तर दुरुस्ती कशातून, टाकी कोण धुणार, साबण कुठून येणार, याला कुणापाशीच उत्तर नव्हतं. फलकावरचा मजकूर मात्र पहिल्याच बैठकीत ठरला होता.

तुम्हाला वाटेल, बाईमाणसं उगीच खुसपट काढतात. मोठ्या प्रमाणावर काय झालं, ते ऐका. २०१४ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी एका वर्षात देशातल्या सगळ्या शाळांत मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बांधण्याचं आवाहन केलं. ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेत सरकारी मालकीच्या कंपन्यांनी सामाजिक निधीतून लाखाच्या वर स्वच्छतागृहं बांधल्याची नोंद झाली. काम मोलाचं, हेतू चांगला. पुढे देशाच्या महालेखापरीक्षकांनी त्यांतल्या २,६९५ स्वच्छतागृहांची जागेवर जाऊन पाहणी केली. हा अहवाल २०२० मध्ये संसदेपुढे आला. काही स्वच्छतागृहं कागदावर होती, पण जमिनीवर सापडली नाहीत. जी बांधलेली आढळली, त्यांपैकी सुमारे ७२ टक्क्यांत आत वाहतं पाणीच नव्हतं. जवळजवळ ३० टक्के वापरात नव्हती. कुठं पाणी नाही, कुठं सफाई नाही, कुठं कुलूप. सुमारे ७५ टक्क्यांत दिवसातून एकदा साफसफाई करण्याचा साधा नियमही पाळला जात नव्हता.

म्हणजे विटा आल्या, सिमेंट आलं, दारही लागलं, पण पोरगी पुन्हा पाणी न पिताच वर्गात बसलेली! मग त्या पैशाचं झालं काय?

आपले पूर्वज या बाबतीत जास्त शहाणे होते, असं मला वाटतं. देवळात नंदादीप लावायचा तर नुसती समई देऊन ते थांबत नसत, तेलासाठी जमीन लावून देत. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा उभारल्या, तेव्हा अनेक ठिकाणी वर्षाच्या खर्चाचीही तजवीज करून ठेवली. इथं बंगलोरला रेल्वे स्टेशनाजवळ गुब्बी तोटदप्पांचं छत्र आहे. व्यापारात कमावलेला पैसा या गृहस्थांनी प्रवाशांच्या आणि शिकणाऱ्या मुलांच्या सोयीसाठी दिला. १९०३ साली सुरू झालेलं ते छत्र त्यांच्या नावाच्या विश्वस्त संस्थेनं पुढे चालवलं. इमारतीबरोबर ती चालवण्याची व्यवस्थाही त्यांनी मागे ठेवली होती, म्हणून हे शक्य झालं.

आणि गाडगेबाबा? त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं धर्मशाळा बांधल्या त्या लोकांच्या पैशातून, पण हातातला खराटा कधी खाली ठेवला नाही. त्यांच्या नावानं महाराष्ट्रात २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यात आधी गावानं स्वतःच्या हातांनी गाव स्वच्छ करायचं आणि मग बक्षीस मिळवायचं, असा क्रम होता. पैसा मागून, माणसं आधी.

आमच्या मंडळानं हाच धडा घेतला. देणगी नाकारायची नाही, पण पुढची सोय केल्याशिवाय बांधकाम सुरू करायचं नाही, असं ठरलं. आम्ही घरोघर फिरलो. महिन्याला घरटी पन्नास रुपये. कुणी शंभर दिले, कुणी ‘पैसे नाहीत, रद्दी घेऊन जा’ म्हणालं. आम्ही रद्दीही घेतली. एका घरमालकांनी कपाळाला आठ्या घातल्या, ‘‘हे सरकारचं काम. आम्ही कर भरतो ना?’’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अक्का शांतपणे म्हणाल्या, ‘‘बरोबर आहे. सरकारकडे आपण मागतच राहू. पण ती मुलगी यंदा सातवीत आहे, ती थांबेल का?’’ गृहस्थ आत गेले आणि पाचशेची नोट घेऊन बाहेर आले.

मग वही घातली. एका बाईकडे पैसे, दुसरीकडे हिशेब, तिसरीकडे चावी. शाळेच्या पालक समितीतली एक आई आमच्याबरोबर घेतली. रोज सकाळी तासभर येऊन सफाई करणारी बाई ठरवली आणि पहिल्या दिवसापासून तिला ठरलेल्या तारखेला पगार, हातमोजे आणि चहा द्यायचाच, असं ठरवलं. आपल्याकडे सफाईचं काम करणाऱ्याला दयेवर ठेवतात. ते आम्हाला नको होतं. कावेरीचं पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून टाकी दोन दिवस पुरेल एवढी मोठी घ्यायला लावली. कंपनीनंही मोटरच्या दुरुस्तीचा दोन वर्षांचा करार खर्चात धरला. मागितलं नसतं तर तोही मिळाला नसता.

२०१७ च्या जूनमध्ये शाळा उघडली ती नव्या स्वच्छतागृहांसह. फीत कापली, फोटो निघाले, फलकही बसला. त्यावर आमच्या मंडळाचं नाव नाही, कारण मंडळाला नावच नाही!

खरी परीक्षा पुढे झाली. २०२० मध्ये कोरोना आला आणि शाळा बंद पडली. अनेक घरांच्या कमाईला कात्री लागली, वर्गणी निम्म्यावर आली. तरी आम्ही सफाईवाल्या बाईंचा पगार थांबवला नाही. त्या पंधरा दिवसांनी एकदा जाऊन नळ सोडायच्या, झाडून यायच्या. पुढे शाळा भरली तेव्हा मोटर एका खटक्यात सुरू झाली. आसपासच्या ओळखीच्या शाळांतून गंजलेले नळ आणि तुंबलेल्या मोऱ्यांच्या तक्रारी येत होत्या. त्या दिवशी मुख्याध्यापिकांनी आम्हाला केसरीभात खिलवला.

मोठ्या प्रमाणावरही हे जमतं, याचं उदाहरण आमच्या राजाजीनगरातच आहे. इथल्या हरेकृष्ण टेकडीवरच्या इस्कॉन मंदिरातून जून २००० मध्ये ‘अक्षयपात्र’चं काम सुरू झालं, ते पाच सरकारी शाळांतल्या १,५०० मुलांच्या दुपारच्या जेवणापासून. आज देशभरात रोज वीस लाखांहून अधिक मुलं ते जेवतात. भूक रोज लागते, म्हणून देणगीही एकदाची पुरत नाही, हे तिथं ओळखलं गेलं. धान्य आणि खर्चाचा काही भाग सरकारचा, उरलेला देणगीदारांचा. हे पात्र अक्षय ठेवायला माणसांना रोज उठून चूल पेटवावी लागते.

म्हणून वाचकहो, तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीजवळ कुणी देणगी घेऊन आलं तर तिचं स्वागत करा. पण तीन प्रश्न आधी विचारा. रोज याची काळजी कोण घेणार? त्या माणसाला पैसे कुठून मिळणार? आणि बिघाड झाला तर कुणाच्या दारावर थाप मारायची? उत्तरं कागदावर लिहून घ्या. देणाऱ्याला राग येणार नाही. आलाच, तर त्याला फलक हवा होता, काम नको होतं, असं समजा. आणि तुम्ही स्वतः देणारे असाल, तर दहातले दोन रुपये देखभालीसाठी बाजूला ठेवा. नव्या इमारतीइतका त्याचा फोटो चांगला येत नाही, पण इमारत टिकते ती त्या दोन रुपयांवर.

ती मुलगी? ती दहावी झाली, पुढे शिकली आणि आता नोकरीला लागली आहे. गेल्या वर्षापासून आमच्या वहीत दर महिन्याला तिचेही पन्नास रुपये जमा होतात.